धर्माचा रकाना कोरा ठेवलेल्या घरातील मुलीचा प्रश्न

वाचकाचे पत्र, थोडक्यात :

‘मी आणि माझी पत्नी दोन वेगळ्या धर्मपरंपरांमध्ये जन्मलो. आमच्यापैकी कोणीही नियमित उपासना करत नाही. मी तर स्वतःला नास्तिकच म्हणवतो. आमची मुलगी अकरा वर्षांची आहे. शाळेत “माझी ओळख” असा प्रकल्प होता आणि त्यातील “धर्म व संस्कृती” हा रकाना मी तिला कोरा ठेवायला सांगितला. आपण माणूस आहोत, तेवढे पुरे, असे मी म्हणालो. त्यावर ती म्हणाली, “वर्गातले सगळेच माणूस आहेत, बाबा. मग मी कोणाची?” मला उत्तर देता आले नाही. माझ्या आईवडिलांना वाटते की तिला आमच्या परंपरेत रीतसर सामावून घ्यावे. सासूसासऱ्यांना वाटते, त्यांच्या. दोन्हीकडचे सण साजरे केले की प्रश्न मिटेल, असे पत्नीचे म्हणणे आहे. मला मात्र श्रद्धा नसताना विधी करणे हे ढोंग वाटते. धर्म वगळून मुलांना संस्कृती देता येते का? की आमची मुलगी कायम अधांतरीच राहणार?’

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पत्रात दोन्ही परंपरांची नावे लिहिली आहेत. तुमची ओळख उघड होऊ नये म्हणून ती मी येथे दिलेली नाहीत, आणि उत्तरासाठी त्यांची गरजही नाही, कारण हाच प्रश्न जगातील कोणत्याही दोन परंपरांच्या सांध्यावर उभ्या असलेल्या घरात निघू शकतो.

आधी तुमच्या मुलीच्या शब्दांकडे पाहू. ‘मी कोण?’ असे तिने विचारले असते, तर तुमचे ‘माणूस’ हे उत्तर पुरेसे ठरले असते. तिने विचारले आहे, ‘मी कोणाची?’ या प्रश्नात षष्ठी विभक्ती आहे, म्हणजे नाते आहे. तिला स्वतःची व्याख्या नको आहे. आपल्यामागे कोण उभे आहे, आपण कोणाच्या पाठोपाठ या जगात आलो, हे तिला हवे आहे. कोऱ्या रकान्याने तिला सांगितले की मागे कोणीच नाही. तुमचा हेतू उदार होता याबद्दल मला शंका नाही, पण तिच्यापर्यंत पोहोचली ती ही रिकामी जागा.

तुमच्या पत्रात धर्म या शब्दाचा अर्थ ‘ईश्वरावरील श्रद्धा’ एवढाच धरलेला दिसतो. आपल्या भाषेला मात्र इतका आखूड अर्थ मान्य नाही. शेजारधर्म, दानधर्म, राजधर्म हे शब्द आपण वापरतो तेव्हा श्रद्धेविषयी बोलत नसतो. कसे वागायचे, कोणाचे काय देणे लागतो, याविषयी बोलत असतो. ‘रिलिजन’ या पाश्चात्त्य कल्पनेसाठी धर्म हा प्रतिशब्द रूढ झाला आणि त्याबरोबर ‘तुमचा विश्वास कशावर आहे?’ हा प्रश्न मुख्य होऊन बसला. जपानमध्ये तर या कल्पनेसाठी ‘शूक्यो’ हा शब्द एकोणिसाव्या शतकात, परकीय राष्ट्रांशी करारमदार करण्याच्या काळात, प्रथमच सर्वसाधारण वापरात आला. आजही तेथील बहुसंख्य लोक ‘माझा कोणताही धर्म नाही’ असे सांगतात, तरीही बाळाला शिंतो या तेथील पारंपरिक धर्माच्या देवस्थानात नेतात आणि मृताचे अंत्यविधी बौद्ध पद्धतीने करतात. तेथील धर्मसंस्थांनी कळवलेल्या अनुयायांची बेरीज देशाच्या लोकसंख्येहून अधिक भरते. या आकडेवारीत काही चुकले आहे असे मला वाटत नाही. श्रद्धा, आचार आणि आपलेपणा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या नेहमी एकत्र नांदतातच असे नाही, एवढेच ती दाखवते.

‘धर्म वगळून संस्कृती’ या तुमच्या कल्पनेबद्दल म्हणूनच मला थेट बोलावेसे वाटते. तुमच्या घरात धर्म नाही असे तुम्ही लिहिता, पण आठवडा आहे ना? सात दिवसांचे चक्र आणि त्यात एक विसाव्याचा दिवस ही रचना आपल्यापर्यंत पोहोचली ती मुख्यतः ज्यूंच्या शब्बाथमधून. ख्रिस्ती लोकांनी तो मान रविवारला दिला, आणि रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइन याने इ. स. ३२१ मध्ये हुकूम काढून रविवारी न्यायालये आणि शहरांतील कामकाज बंद ठेवायला लावले. फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये धर्माचा ठसा पुसण्यासाठी दहा दिवसांचा आठवडा आणला. तो आठवडा असलेले नवे पंचांग १८०६ च्या पहिल्या दिवसापासून रद्द झाले. सोव्हिएत राजवटीने १९२९ मध्ये सर्वांचा सामाईक रविवार मोडून आधी पाच आणि नंतर सहा दिवसांचे चक्र सुरू केले. १९४० मध्ये तीही सात दिवसांवर परतली. या राजवटींनी प्रार्थनास्थळे बंद केली, पण काळाची मोजणी त्यांना बदलता आली नाही. तुम्ही निवांत वर्तमानपत्र वाचता त्या रविवारी तुमच्या घरात धर्म येऊन बसलेलाच असतो; फक्त त्याचे नाव कोणी घेत नाही. भाषेचेही तसेच आहे. स्पेनमधील कॅथलिक माणूस ‘असे होवो’ या अर्थी ‘ओहाला’ म्हणतो, तेव्हा तो अरबीतून आलेला, मुळात ‘अल्लाची इच्छा असेल तर’ अशा अर्थाचा शब्द उच्चारत असतो.

पूर्णपणे वगळणे शक्य नसेल, तर प्रश्न उरतो तो डोळसपणाचा. येथे तुमच्या ‘ढोंग’ या शब्दाकडे मी वळते, कारण तुमच्या पत्राचा गाभा तेथे आहे असे मला वाटते.

जपानमधील लपलेल्या ख्रिस्ती लोकांची हकिकत तुम्ही ऐकली नसेल, तर आपल्या मुलीसह जरूर वाचा. सोळाव्या शतकात तेथे ख्रिस्ती धर्म पोहोचला आणि विशेषतः क्यूशू बेटावर हजारो लोकांनी तो स्वीकारला. १६१४ मध्ये देशभर बंदी आली, धर्मगुरूंना हाकलण्यात किंवा मारण्यात आले, प्रत्येक कुटुंबाला बौद्ध मंदिरात नोंद करणे भाग पडले, आणि संशयितांना येशू किंवा मेरीच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नसल्याचे सिद्ध करावे लागे. अशा परिस्थितीत काही गावांनी सुमारे अडीचशे वर्षे, एकाही धर्मगुरूविना, आपली परंपरा जपली. बाप्तिस्मा देण्याचे काम गावातीलच एकाकडे असे, पवित्र दिवसांची गणना दुसऱ्याकडे. करुणेची बौद्ध देवता कानोन हिच्या मूर्तीत त्यांना मेरी दिसे. ‘ओराशो’ नावाच्या त्यांच्या प्रार्थनांमध्ये लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द होते. पिढ्या उलटल्या तसे त्यांतील बऱ्याच शब्दांचे अर्थ म्हणणाऱ्यांनाही कळेनासे झाले, पण पाठांतर सुटले नाही. मार्च १८६५ मध्ये नागासाकीतील ओउरा येथील नव्या चर्चमध्ये उराकामी गावचे काही लोक आले आणि फ्रेंच धर्मगुरू बेर्नार पतिजाँ यांच्यापाशी त्यांनी आपली ओळख उघड केली. मेरीची मूर्ती कुठे आहे, असे त्यांनी विचारले. त्यानंतरही छळ झालाच. बंदी उठली ती १८७३ मध्ये.

या हकिकतीचा पुढचा भाग मला अधिक विचार करायला लावतो. बंदी उठल्यावर त्यांच्यातील अनेकजण कॅथलिक चर्चमध्ये परतले, पण काहींनी परतायला नकार दिला. चर्चने त्यांना शुद्ध सिद्धान्त देऊ केला, अर्थ समजावून सांगितले, तरी ते आपल्या ‘ओराशो’लाच धरून राहिले, कारण त्यांच्या आजोबा-पणजोबांनी जीव धोक्यात घालून जपली होती ती हीच म्हणण्याची रीत. अर्थ न कळणारे शब्द म्हणणाऱ्या त्या माणसांना तुम्ही ढोंगी म्हणाल का? मला म्हणवत नाही. ते पूर्वजांशी इमान राखत होते, आणि ते इमान खरे होते.

ढोंग तेव्हा होते, जेव्हा आपण मानत नाही ते मानतो असे भासवतो. विधीत सहभागी होऊन मुलीला ‘मला यात देव दिसत नाही, पण माझी आई हे शब्द म्हणत असे आणि ते म्हणताना मला ती आठवते’ असे सांगणे हे ढोंगाच्या नेमके विरुद्ध आहे. यात तुमच्या नास्तिकतेशी कोणतीही तडजोड नाही. ज्यू समाजात अशी माणसे पुष्कळ आहेत. प्यू रिसर्च सेंटरने २०२० मध्ये अमेरिकेतील ज्यू प्रौढांची पाहणी केली, तेव्हा २७ टक्क्यांनी धर्माच्या अर्थाने आपण कोणीही नाही, पण वंशाने, संस्कृतीने किंवा घराण्याने ज्यू आहोत, असे सांगितले. त्यामागे फार जुना इतिहास आहे. इ. स. ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर रोमनांनी उद्ध्वस्त केल्यावर, मंदिर आणि बळी यांभोवती उभी असलेली ही परंपरा ग्रंथाध्ययन, प्रार्थना आणि घरातील आचार यांवर पुन्हा उभी राहिली, आणि त्यामुळे भूमी, राज्य, बोली सर्व बदलूनही ती सोबत नेता आली. त्या परंपरेतील एक गोष्ट तुमच्या घरासाठी मला विशेष मोलाची वाटते. वल्हांडणाच्या (पासओव्हर सणाच्या) रात्री घरातील सर्वांत लहान मूल विचारते, ‘आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का?’ आणि मग मोठी माणसे गुलामीतून सुटकेची कथा सांगतात. प्रश्न विचारल्याशिवाय सोहळा पुढे सरकतच नाही. मुलाचा प्रश्न हाच विधीचा आरंभ असू शकतो, हे तुम्हीही मनावर घ्यावे.

आता तुमच्या पत्नीच्या म्हणण्याविषयी. त्यांची दिशा मला तुमच्यापेक्षा बरोबर वाटते, पण ‘म्हणजे प्रश्न मिटेल’ हे मात्र पटत नाही. दोन्हीकडचे सगळे सण ओळीने साजरे केले आणि त्यामागची गोष्ट, माणसे, वाद काहीच सांगितले नाही, तर मुलीच्या हाती सजावट तेवढी लागेल. तिला दोन परंपरांचे प्रदर्शन पाहायचे नाही, तिला त्यांत वावरायचे आहे. मोजके निवडा. प्रत्येक बाजूचे दोन-तीन प्रसंग असे घ्या, जे तुम्ही दरवर्षी न चुकता करू शकाल आणि ज्यांच्याविषयी तुम्हाला स्वतःला काही सांगता येईल. संस्कृती मुरते ती पुनरावृत्तीने. एकदा उत्साहाने केलेल्या दहा गोष्टींपेक्षा दहा वर्षे केलेली एक गोष्ट मुलीच्या अधिक कामी येईल.

दोन परंपरा एका माणसात नांदल्या तर मुलगी अधांतरी राहील, ही तुमची भीती मात्र इतिहासाला धरून नाही. इंडोनेशियात सुमारे ८७ टक्के लोक मुसलमान आहेत, आणि जावा बेटावर रामायण-महाभारताच्या कथा सांगणारे छायाबाहुल्यांचे ‘वायांग’ हे खेळ तेथील लोक आपले समजतात. प्रंबानन येथील प्राचीन मंदिरांच्या पार्श्वभूमीवर १९६१ पासून रामायणाचे नृत्यनाट्य सादर होते आणि त्यातील कलावंत बहुतांशी मुसलमान असतात. नवरोजची मुळे प्राचीन इराणच्या जरथुष्ट्री परंपरेत आहेत, पण आज तो इराणपासून मध्य आशियापर्यंत कोट्यवधी मुसलमानांचा, तसेच जरथुष्ट्री आणि बहाई लोकांचाही नववर्षदिन आहे. या लोकांना आपण दुभंगलेले आहोत असे वाटत नाही, कारण त्यांना लहानपणापासून या दोन्ही गोष्टी आपल्या म्हणूनच मिळाल्या. अधांतरी राहते ते मूल, ज्याला दोन्ही घरांनी दारातच उभे केले आहे.

तरीही धर्मावर उभी राहिलेली ओळख नेहमी सुखाची असते असे मी तुम्हाला सांगणार नाही, आणि तुम्हीही मुलीला सांगू नका. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला. कोणी कुठे जायचे हे ठरवताना भाषा विचारली गेली नाही, मन तर नाहीच. कसोटी होती ती फक्त धर्माची. अनातोलियातील, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातील, करामानली ख्रिस्ती लोक तुर्की बोलत, तुर्कीच ग्रीक लिपीत लिहीत. त्यांना ‘ग्रीक’ ठरवून अशा देशात पाठवण्यात आले, जेथील भाषा त्यांतील अनेकांना येत नव्हती. क्रीट बेटावरील मुसलमान ग्रीक बोलत. ते ‘तुर्क’ ठरले आणि समुद्रापलीकडे गेले. आधीच पळून गेलेल्यांसह पंधरा लाखांहून अधिक माणसे या एका कसोटीने आपल्या गावांना मुकली. युगोस्लाव्हियातही १९७१ च्या जनगणनेत ‘मुस्लिम’ हे एका राष्ट्रसमूहाचे नाव म्हणून मान्य झाले. हा शब्द मोठ्या आद्याक्षराने लिहिला की राष्ट्रीयत्व, छोट्याने लिहिला की धर्म. त्यामुळे प्रार्थनेला कधीही न जाणारा, समाजवादी विचारांचा माणूसही नोंदीपुरता ‘मुस्लिम’ असू शकत होता. १९९२ मध्ये युगोस्लाव्हियातून फुटलेल्या बोस्नियात युद्ध पेटले, तेव्हा जवळजवळ एकच भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांमध्ये कोणाची श्रद्धा किती, हे कोणी विचारले नाही. नावावरून माणसे ओळखली गेली.

हे तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. तुम्ही रकाना कोरा ठेवलात तरी जग तो भरण्याची शक्यता असते, आणि ते भरते तेव्हा फारसे विचारत नाही. मुलीला आपल्या दोन्ही परंपरा आतून ठाऊक असतील, त्यांतील प्रेमाच्या माणसांसह आणि लाजेच्या गोष्टींसह, तर बाहेरून कोणी चिकटवलेले लेबल ती तपासून पाहू शकेल. काहीच ठाऊक नसेल, तर ते लेबल तिला खरे वाटेल, किंवा मोठी झाल्यावर तहानलेल्या माणसासारखी ती मिळेल त्या पहिल्या कडव्या आवृत्तीला कवटाळेल. ही दुसरी शक्यता मला अधिक काळजीची वाटते. म्हणून दोन्ही परंपरांनी स्त्रियांना काय नाकारले, कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवले, हेही तिच्या वयाला झेपेल तसे तिला सांगा. आजीच्या आठवणीइतकाच तोही तिचा वारसा आहे.

‘रीतसर सामावून घेण्या’चा आग्रह दोन्ही आजी-आजोबांनी धरला आहे. त्यांच्याशी तात्त्विक वाद घालू नका. त्यांना निर्णय नव्हे, काम द्या. मुलीला काय व्हायला हवे हे सांगण्याऐवजी, त्यांच्या लहानपणी घरात काय होत असे, कोणती प्रार्थना त्यांना कोणी शिकवली, कोणती गोष्ट त्यांना तेव्हा जाचक वाटली, हे त्यांनी तिला सांगावे, अशी विनंती करा. बहुतेक वृद्धांचा आग्रह सिद्धान्तासाठी नसतो. आपल्यानंतर हे सारे विसरले जाईल, याची ती व्यथा असते. ती व्यथा ऐकून घेतली गेली, की दीक्षेचा विषय थोडा मागे जातो असा माझा अनुभव आहे. तो मागे गेला नाही, तर मात्र तुम्ही दोघांनी एका आवाजात सांगा की हा निर्णय मुलीचा आहे आणि तो ती सज्ञान झाल्यावर घेईल.

हा निर्णय किती गांभीर्याने घेता येतो, याचे एक उदाहरण तिला जरूर सांगा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३५ मध्ये येवल्यात धर्मांतराचा निर्धार जाहीर केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे अभ्यासाची, तुलनेची आणि जाहीर चर्चेची होती. दीक्षेनंतर त्यांनी लाखो अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये कशाचा त्याग करायचा आणि कशाचा स्वीकार करायचा, हे दोन्ही स्पष्ट शब्दांत होते. जन्माने लादलेली ओळख नाकारून विचाराने निवडलेली ओळख घडवता येते, आणि ती निवडण्यासाठी आधी काय काय जाणून घ्यावे लागते, हे या एकवीस वर्षांतून तिला कळेल. तुमच्या परंपरा कोणत्याही असोत, हे उदाहरण तिचेच आहे.

येत्या सुट्टीत तुम्ही तिच्यासोबत बसा आणि तो कोरा राहिलेला रकाना पुन्हा काढा. एका शब्दात तो भरण्याची गरज नाही. तिला पूर्ण वाक्ये लिहू द्या. ‘माझी आई या परंपरेत वाढली, माझे बाबा त्या परंपरेत वाढले आणि आता ते देव मानत नाहीत, आमच्या घरी या या गोष्टी होतात, मी अजून ठरवलेले नाही.’ तिने लिहून झाल्यावर, त्याच कागदाच्या मागच्या बाजूला तुम्ही स्वतःसाठी तोच रकाना भरा आणि तिला वाचायला द्या. तिच्यापुढे कोणती नावे, कोणती माणसे आणि कोणते शब्द ठेवायचे, हे तुम्हाला तो भरताना समजत जाईल, आणि ती पुढचे प्रश्न तेथूनच विचारू लागेल.